अडुसष्ट मार्क

तीस वर्षं अलिबागच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून कोकिळाबाई घरत निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुटले. आता कोणी काही विचारणार नाही. सहा महिने खरंच कोणी काही विचारलं नाही, आणि त्यांना घर खायला उठलं. त्याच सुमारास ओळखीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना 'जोडणी'त बोलावलं. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, एक कपाट. ज्याला आपला वेळ द्यायचाय त्याची, आणि ज्या संस्थेला माणूस हवाय तिची गाठ घालून द्यायची, एवढंच काम. दोन वर्षांनी डॉक्टर मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि खोलीची चावी कोकिळाबाईंकडेच राहिली. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

या आठ वर्षांत त्या थकल्या होत्या. कामाचं त्यांना काही नव्हतं. लोकांच्या हौसेनं त्या थकल्या होत्या. कॉलेजात भाषण केलं की चाळीस पोरं नावं देत. फोन लावायला घेतले की त्यातली दहा उचलत, तीन येत, आणि दुसऱ्यांदा आली तर एक. रो-रो बोटीनं मुंबईहून येणारे गट आधी फोन करून विचारत, "आम्ही अकराला पोचतो, चारची परतीची बोट आहे. मधल्या वेळात काही सेवा होईल का?" कोणाला सर्टिफिकेटवर मागची तारीख हवी असे. संस्थांच्या गरजा आणखीनच वेगळ्या. वृद्धाश्रमाला म्हाताऱ्यांची नखं कापणारं माणूस हवं असे, आणि येणारा गाणी म्हणून दाखवायला येई. विशेष मुलांच्या शाळेला दुपारी पोरांना भरवणारं कोणी हवं असे, आणि येणारीला पोरांबरोबर चित्रं काढायची असत. कोकिळाबाई दोन्हीकडचं ऐकून घेत, वहीत लिहून ठेवत आणि पुन्हा फोन लावत. वर येताना जिन्यात मध्येच थांबून गुडघे चोळत.

त्यांच्या त्या वहीत एक नाव मात्र असं होतं की ज्याच्यापुढे त्यांना कधी प्रश्नचिन्ह काढावं लागलं नव्हतं. केतन भगत. उरणचा. न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर गाड्यांच्या नोंदी करायचा. वय एक्केचाळीस. बारावीला जिल्ह्यात नाव काढण्यासारखे मार्क होते, पण त्याच वर्षी वडील गेले आणि पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. वाचन मात्र दांडगं. 'जोडणी'त तो लेखनिक म्हणून यायचा. अंध परीक्षार्थी उत्तर सांगणार आणि लेखनिक ते जसंच्या तसं लिहिणार. आता लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम. बी.ए.च्या परीक्षेला बारावीवाला. त्यामुळे निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब असे उत्साहानं यायचे ते चालायचे नाहीत, आणि जे चालायचे त्यांचं अक्षर तरी नसायचं नाहीतर रजा तरी. केतनकडे दोन्ही होतं. करंज्याहून लाँचनं रेवसला, तिथून एसटीनं अलिबागला, आणि पेपरच्या तासभर आधी केंद्राच्या फाटकात उभा. तीन वर्षांत त्यानं तेरा जणांचे पेपर लिहिले होते. कोकिळाबाई भाषणात त्याचंच उदाहरण द्यायच्या. "वेळ नाही म्हणता? उरणहून खाडी ओलांडून येतो तो माणूस," असं म्हणायच्या.

मे महिन्यात प्रणाली नाखवाचा शेवटच्या वर्षाचा समाजशास्त्राचा पेपर होता. प्रणाली काशीदच्या जवळच्या कोळीवाड्यातली, वय बत्तीस. नवव्या वर्षी तापात डोळे गेले. आई, मैनाबाई, अलिबागच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. प्रणाली घरी बसून बहिःस्थ बी.ए. करत होती. पुस्तकं कोणीतरी वाचून मोबाईलवर भरून द्यायचं आणि ती ऐकून पाठ करायची. या पेपराला जी मुलगी लेखनिक म्हणून ठरली होती तिनं दोन दिवस आधी फोन करून सांगितलं की आतेबहिणीची हळद आहे, जमणार नाही. इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, तिथं परीक्षा कोण विचारतो! कोकिळाबाईंनी सतरा फोन केले. अठरावा केतनला. खरं तर त्याची त्या महिन्यातली रजा संपली होती, म्हणून त्याला त्यांनी मागं ठेवलं होतं. तो म्हणाला, "येतो, ताई. बिनपगारी रजा टाकतो."

लेखनिक असला की तासभर जास्त मिळतो. दुपारी तीनला पेपर सुटला तेव्हा कोकिळाबाई फाटकात थांबल्या होत्या. केतनचा चेहरा असा फुललेला होता की जणू त्याचाच पेपर चांगला गेला.

"एकदम झकास, ताई! चार पुरवण्या लावल्या."

"चार?" प्रणालीनं मान त्याच्या आवाजाकडे वळवली.

"हो मग. शेवटचा प्रश्न तर काय सुंदर झाला."

प्रणाली पुढं काही बोलली नाही. चार तास बोलून घसा बसला असेल, असं म्हणून कोकिळाबाईंनी दोघांना कोकम सरबत पाजलं. केतनला लाँच गाठायची होती, तो गेला. प्रणालीला मुरूडच्या गाडीत बसवताना त्या म्हणाल्या, "झालं एकदाचं!" त्यावर ती म्हणाली, "व्हय, मावशी," आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

जुलैत निकाल लागला. बाकीच्या पेपरांत शेहेचाळीस, एक्कावन्न, एकोणपन्नास असे मार्क, आणि समाजशास्त्रात अडुसष्ट. मैनाबाईंनी बाजारात पेढे वाटले. कोकिळाबाईंनी प्रणालीचा आणि केतनचा फोटो शेजारी शेजारी लावून सगळ्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तुमचे चार तास कोणाचं तरी आयुष्य बदलू शकतात.' त्या फोटोमुळे आठवड्यात अकरा नवी नावं आली. एरवी महिन्याला चार यायची. ऑगस्टच्या मेळाव्यात केतनचा सत्कार करायचा असंही ठरलं. शाल आणून कपाटात ठेवली.

मेळाव्याला आठ दिवस होते. दुपारी जिन्यात काठीचा टकटक आवाज आला आणि दारात प्रणाली उभी राहिली. एकटी आली होती. ओढणी भिजलेली, पण पिशवीतला लिफाफा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा ठक्क.

"अगं, फोन करायचास. खाली आले असते."

"मावशी, एक वाचून दाखवा. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली व्हती मी. समाजशास्त्राची."

"कशाला? अडुसष्ट पडलेत की!"

"म्हणूनच मागवली."

गावात कोणाला वाचायला दिली असती तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, एवढंच ती पुढं म्हणाली. कोकिळाबाईंनी चष्मा लावला. केतनचं अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं, छापल्यासारखं. दुसरा प्रश्न किनाऱ्यावरच्या समाजातल्या श्रमविभागणीचा होता. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. "श्रमविभागणी ही समाजव्यवस्थेची आधारभूत प्रक्रिया असून तिच्यामुळे समाजातील विविध घटकांत परस्परावलंबन निर्माण होते. अभ्यासकांनी तिचे पुढीलप्रमाणे प्रकार…"

"हे मी सांगितलं न्हाय."

कोकिळाबाई थांबल्या.

"पुढं वाचा."

त्यांनी अर्धं पान वाचलं. प्रणाली मान खाली घालून ऐकत होती, आणि मधून मधून नकारार्थी हलवत होती.

"तू काय सांगितलं होतंस?"

"मी सांगितलं, बोट पुरुषाची, पण मासळी किनाऱ्याला लागली का बाईची. लिलावात ती उभी राहते, भाव ती ठरवते, पैसा तिच्या हातात. आणि गावकीची बैठक बसली का तीच बाई मागं, दाराशी. ज्या हातात पैसा हाय त्या हाताला गावात आवाज न्हाय, असं का, ते मी सांगितलं. आयचं उदाहरण दिलं. त्यातलं काय लिहिलंय का बघा."

कोकिळाबाईंनी बोट ठेवून ओळी शोधल्या. उत्तराच्या शेवटी एक वाक्य होतं. "'उदाहरणार्थ, कोळी समाजातील स्त्रिया मासळी विक्रीचे काम करतात.'"

"एवढंच?"

"एवढंच आहे गं."

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. प्रणालीनं ओढणीचं टोक पिळलं.

"मी बोलायची थांबले का पेन थांबायला पाहिजे ना? ते थांबतच नव्हतं. मी दोन वाक्यं बोलायची आणि ते पान भरायचं."

"मग तिथंच का नाही बोललीस? सुपरवायझर होती की."

"त्याला विचारलं मी. तो म्हणाला, अक्षर नीट काढतोय, तुम्ही पुढचं आठवा. आणि त्या बाई लांब, मोबाईलवर बोलत व्हत्या." ती जरा थांबली. "खरं सांगू, मावशी? माझ्या मनाची खात्री न्हवती. डोळ्यांनी बघितलेलं नसलं का माणूस आपल्याच कानावर संशय घेतो. रजा टाकून, खाडी ओलांडून माझ्यासाठी आलेला माणूस. त्याच्यावर आळ कसा घेऊ?"

कोकिळाबाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं तेच त्या बोलून गेल्या. "जाऊ दे ना, प्रणाली. पास झालीस. त्यानं काय तुझं वाईट केलंय?"

प्रणालीनं लिफाफा चाचपून जवळ ओढला, कागद सारखे केले आणि आत घालायला लागली. तिला कागदांचा कोपरा सापडत नव्हता. कोकिळाबाईंना आपल्याच शब्दांची लाज वाटली. आठ वर्षं त्या लोकांना सांगत होत्या, समोरच्याला काय हवंय ते आधी विचारा, आपल्याला काय द्यायचंय ते नंतर. आणि आता त्यांनीच विचारलं नव्हतं.

"बरं, बस. तुला काय करायचंय ते सांग."

"पेपर परत लिहायचाय. माझा मी."

दुसऱ्या दिवशी दोघी परीक्षा केंद्रावर गेल्या. तिथल्या मॅडम वयानं कोकिळाबाईंएवढ्याच आणि तेवढ्याच दमलेल्या दिसल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"श्रेणीसुधारचा फॉर्म भरता येईल. पण त्यात दोन्हीतले जास्त मार्क धरतात. परत बसून हिला पन्नास पडले तरी गुणपत्रिकेवर अडुसष्टच राहणार."

"मग अडुसष्ट काढायचे कसे?" प्रणालीनं विचारलं.

मॅडमना हसू आलं आणि लगेच गेलं. "बाई गं, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. लेखी अर्ज द्यावा लागेल, काय झालं ते लिहून. मग वर जाईल, चौकशी लागेल. तुलाच दोन परीक्षांना बसू देणार नाहीत असंही होऊ शकतं. तुझा पेपर म्हणजे तुझी जबाबदारी, असं म्हणतील." मग त्या कोकिळाबाईंकडे वळल्या. "आणि तुमच्या लेखनिकांच्या यादीवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवतो, घरतबाई. तो राहणार नाही. मी तर म्हणेन, घरी जा, पेढे खाल्लेत ते पचू द्या."

बाहेर बाकावर दोघी बराच वेळ बसल्या. कोकिळाबाईंना यादीतली माणसं आठवत होती. ऑक्टोबरच्या परीक्षांना सात जणांना लेखनिक हवे होते. यादीवरचा विश्वास गेला तर त्या सात जणांनी काय करायचं? आणि केतननं ज्यांचे लिहिले त्या बाकीच्या तेरा जणांचं काय?

"मला आधी त्याच्याशी बोलू दे," त्या म्हणाल्या.

हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. रविवारी त्या पेणवरून गाडी बदलून उरणला गेल्या. पावसात लाँचचा भरवसा नव्हता. केतन त्यांना घ्यायला स्टँडवर आला होता. सत्काराचं काहीतरी ठरवायला आल्यात असं त्याला वाटलं असावं, कारण हॉटेलात बसल्या बसल्या त्यानं भजी सांगितली. कोकिळाबाईंनी लिफाफा टेबलावर ठेवला.

"प्रणालीनं जे सांगितलं ते तू लिहिलं नाहीस."

त्यानं नाही म्हटलं नाही. कागद उलटून बघितले, आपलंच अक्षर थोडा वेळ वाचत राहिला.

"ताई, ती सांगत होती ते चुकीचं नव्हतं. पण परीक्षेत तसं चालत नाही. गप्पा मारल्यासारखं सांगत होती. पस्तीस तरी पडले असते का, सांगा."

"ते तुला कोणी ठरवायला सांगितलं होतं?"

"तिचं भलंच झालं ना? अडुसष्ट पडले. मला काय मिळालं त्यातून? एक दिवसाचा पगार कापून घेतला मी."

"भलं झालं असतं तर ती माझ्याकडे भिजत आली नसती, केतन."

भजी आली. दोघांनीही हात लावला नाही. बाहेर कंटेनरचा एक ट्रेलर वळण घेत होता. तो गेल्यावर केतन खालच्या आवाजात म्हणाला, "मला सगळी उत्तरं येत होती, ताई. सगळी. त्या पेपरातला एकही प्रश्न असा नव्हता की जो मला सुटला नसता. बारावीनंतर माझ्या पुढ्यात प्रश्नपत्रिका येते ती दुसऱ्याच्याच नावाची. पहिल्या प्रश्नाला मी तिचंच लिहीत होतो, शपथ घेऊन सांगतो. मग कधी हात पुढं गेला ते कळलंच नाही."

कोकिळाबाईंना त्याचा राग यायला हवा होता. राग घेऊनच त्या तीन तास गाडीत बसल्या होत्या. पण समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांच्या अंगात रागावण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

"बाकीच्या तेरा जणांचं?" त्यांनी विचारलं.

त्यानं पाण्याचा ग्लास फिरवला. "सगळ्यांचं नाही."

"किती जणांचं?"

"एखादं वाक्य नीट करायचो. आता कसं सांगू, ताई? आठवत नाही."

आठवत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ती अर्ज देणारे," कोकिळाबाई म्हणाल्या. "त्यात तुझं नाव येणार. आणि यादीतून मी तुला काढणार आहे."

"सत्कार करणार होतात ना तुम्ही माझा?" तो हसला.

"केतन, ऐक. उत्तरं येतात ना तुला? मग तुझा तू फॉर्म भर. तुझ्या नावानं लिही. मी येते तुझ्याबरोबर."

"आता? या वयात?"

"प्रणाली काय वीस वर्षांची आहे?"

तो उठला. काउंटरवर जाऊन काहीतरी बोलला आणि मागं न बघता बाहेर पडला. परतीच्या गाडीत कोकिळाबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या. पेण कधी आलं ते त्यांना कळलंच नाही. मेळाव्यात त्या वर्षी कोणाचाच सत्कार झाला नाही. विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की केतनला रजा मिळाली नाही.

सोमवारी प्रणाली आली. अर्ज तिनंच सांगायचा आणि कोकिळाबाईंनी लिहायचा असं ठरलं. ती घरून शब्द न् शब्द ठरवून आली होती. एकेक वाक्य संथपणे सांगत होती. "'माझ्या लेखनिकाने मी सांगितलेली उत्तरे न लिहिता स्वतःची उत्तरे लिहिली. मला परीक्षेच्या वेळीच शंका आली होती, परंतु मी तक्रार केली नाही. ही माझी चूक आहे.'"

कोकिळाबाईंचा हात थांबला. ते शेवटचं वाक्य वाचून केंद्रवाले हिलाच धरणार. आणि पहिलं वाक्य जरा मऊ केलं, 'ऐकण्यात गैरसमज होऊन' असं घातलं, तर केतन वाचेल, यादी वाचेल, हीसुद्धा वाचेल. तिला कळणारही नाही. तीन-चार शब्दांचा तर प्रश्न. कोकिळाबाईंनी 'माझ्या लेखनिकाने' एवढं लिहिलं होतं. पेन कागदावर टेकलेलं होतं. केतनला उरणच्या हॉटेलात जे सांगता आलं नव्हतं ते आता त्यांना समजलं. आपण चांगलंच करतोय असं वाटतं, आणि समोरचं माणूस सोबत असूनही नसल्यासारखं होतं.

"झालं का लिहून, मावशी?"

"नाही गं. जरा थांब. परत सांग, पहिल्यापासून."

तिनं परत सांगितलं. त्यांनी शब्द न् शब्द लिहिला, मग मोठ्यानं वाचून दाखवला. एका ठिकाणी 'परंतु'ऐवजी 'पण' झालं होतं. ते प्रणालीनं दुरुस्त करून घेतलं. सहीच्या जागी कोकिळाबाईंनी तिचं बोट टेकवून दिलं आणि तिनं आपली मोठ्या अक्षरांची, जरा तिरकी जाणारी सही केली. साक्षीदार म्हणून खाली त्यांनी स्वतःची केली.

उत्तर यायला अडीच महिने लागले. या अडीच महिन्यांत 'जोडणी'ला दोनदा चौकशीला बोलावलं. केतननं लेखी कबूल केलं, एका ओळीत. त्याचं 'जोडणी'चं ओळखपत्र पोस्टानं परत आलं, सोबत चिठ्ठी नव्हती. कोकिळाबाईंनी तीनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. यापुढे तुमचा प्रत्येक लेखनिक आधी आम्हाला येऊन भेटेल आणि आम्ही पसंत केला तरच बसेल, असं केंद्रानं कळवलं. एवढं ऐकून यादीतले तिघे गळाले. "आम्ही फुकट येतो आणि वर आमचीच परीक्षा?" असं एकजण म्हणाला. ऑक्टोबरच्या सात जणांपैकी पाच जणांना लेखनिक मिळाले. दोघांना नाही मिळाले, आणि त्यातल्या एकीचं वर्ष गेलं. बाकीच्या तेरा जणांना फोन करायचं कोकिळाबाई रोज ठरवत होत्या. त्यातला एक आता नोकरीला लागला होता, एकीचं लग्न ठरलं होतं. त्या वही उघडत, नावं बघत आणि मिटवून ठेवत. तो फोन त्यांनी अजून केलेला नाही.

प्रणालीचा त्या पेपराचा निकाल रद्द झाला. दोन परीक्षांची बंदी मात्र आली नाही. खरं लिहून दिलं म्हणून सोडलं, असं मॅडमनी खासगीत सांगितलं. डिसेंबरमध्ये परत बसायला परवानगी मिळाली आणि लेखनिकाचा शोध पुन्हा सुरू झाला. कोणी मिळेना. शेवटी कोकिळाबाईंनी जिना उतरून खाली झेरॉक्सच्या दुकानातल्या सोनलला विचारलं. सोनल बारावी झालेली, अठ्ठावीस वर्षांची. आठ वर्षं तिच्या डोक्यावर ही संस्था होती आणि तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला स्पेलिंग येत नाहीत हां. आणि माझं अक्षर बघा कसलंय!" अक्षर बरं होतं. हात मात्र हळू.

पेपराच्या दिवशी सोनलनं चार तास एवढं विचारलं की सुपरवायझर बाई वैतागल्या. काय म्हणालात? परत सांगा. 'सत्ता' लिहू की 'हक्क'? इथं परिच्छेद करू का? किनाऱ्यावरच्या श्रमविभागणीचा प्रश्न याही वेळी होता, तो पुरा झाला. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला, वेळ संपली. बाहेर आल्यावर सोनल रडवेली झाली होती. "माझ्यामुळे राहिला ओ तुमचा."

"राहू दे," प्रणाली म्हणाली. "लिहिलं तेवढं सगळं मी सांगितलेलं व्हतं ना?"

"मग दुसरं काय लिहिणार? मला कुठं काय येतंय!"

त्यावर प्रणाली इतकी हसली की फाटकातला वॉचमन बघायला लागला. कोकिळाबाईंनीही हसून घेतलं. बऱ्याच महिन्यांनी.

फेब्रुवारीत निकाल आला. चव्वेचाळीस. एकूण टक्केवारी घसरली आणि सेकंड क्लास गेला. प्रणालीनं फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात ना आनंद होता ना दुःख. "चव्वेचाळीस, मावशी," ती म्हणाली, आणि लगेच विचारलं, "बी.एड.ला प्रवेशाचं काय असतं ते बघाल का?" कोकिळाबाईंनी वहीत लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी बाजारात मैनाबाई भेटल्या. भेटल्या म्हणजे त्यांनी लांबून हाक मारली आणि कोकिळाबाईंना टाळता आलं नाही. पुढ्यात सुक्या बोंबलांच्या जुड्या, जवळ्याचा ढीग. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या.

"ओ बाय, असं कोण करतं का ओ? लोकांची पोरं कॉपी करून मार्क आणतात. माझ्या पोरीनं आणलेले परत दिले. आणि तुम्ही तिला हात लावून सही करायला लावली."

"तिनंच ठरवलं होतं, मैनाबाई."

"ती ठरवंल. तिला डोळे न्हाईत, तुम्हाला तर व्हते ना? चोवीस मार्क गेले! क्लास गेला. आता नोकरीला तो साहेब इचारंल तेव्हा तुमची समाजसेवा येनार हाय का उत्तर द्यायला?"

काय सांगायचं होतं? की तुमच्या लेकीनं तुमच्यावर लिहिलं होतं, लिलावाचं आणि गावकीतल्या दाराचं, आणि ते या वेळी पेपरात गेलंय? त्यांनी तेच सांगितलं. दोन वाक्यांत, अडखळत.

मैनाबाई थोडा वेळ जवळ्यातून हात फिरवत राहिल्या.

"माझं लिवलं?"

"हो."

"दाराशी बसते ते पन?"

"ते पण."

"ते कशाला सांगायचं लोकांना," त्या पुटपुटल्या, पण आवाज उतरला होता. राग मात्र गेला नव्हता. त्यांनी जवळ्याच्या दोन ओंजळी कागदात बांधल्या आणि पुडी कोकिळाबाईंच्या पिशवीत कोंबली. कोकिळाबाई नको म्हणाल्या तेव्हा त्यांनी मान फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला सुरुवात केली.

पिशवीत मोबाईल वाजत होता. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी होती. साठ जणांना येत्या शनिवारी काशीदला यायचं होतं, काही चांगलं काम असेल तर. कोकिळाबाई मासळी बाजाराच्या बाहेर कट्ट्यावर बसल्या, चप्पल काढून पाय सैल सोडले.

"साठ नकोत," त्या म्हणाल्या. "चार जण द्या. पण ते चारही दर महिन्याला येतील असे. आणि आधी मला एक सांगा, त्यांच्यातल्या कोणाला समोरच्याचं नीट ऐकून घेता येतं का?"

मग ती मुलगी म्हणाली, विचारून सांगते.